विश्लेषण : गुन्हा त्याचा, हप्ते कुणाचे?

खून, अपघात किंवा ऑनलाइन फसवणूक झाल्यावर घरात दोन प्रकारची पत्रे येऊ लागतात. एक न्यायालयाची, दुसरी बँकेची. पीडिताच्या डोक्यावरचे कर्ज गुन्हेगाराने फेडावे, अशी मागणी अशा वेळी हमखास होते. कायदा याबाबत काय म्हणतो आणि प्रत्यक्षात पैसे कुणाकडून मिळतात?

गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून वळता होतो. कर्जदाराचा तीन तारखेला खून झाला, तरी पाच तारखेला तो वळता होतोच. बँकेच्या संगणकाला पंचनामा कळत नाही.

समजा, नाशिकमध्ये ३४ वर्षांचा एक छोटा दुकानदार आहे. घरात पत्नी आणि दोन मुले. सगळा खर्च वजा जाता दुकानातून महिन्याला ६० हजार रुपये सुटतात. घरासाठी ३० लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, व्याज साडेआठ टक्के. म्हणजे हप्ता सुमारे २६ हजार. शिवाय पतसंस्थेचे दोन लाख, ज्याला शेजारी जामीन आहे. घाऊक व्यापाऱ्याची महिनाभराची उधारी. वहिनीकडून हातउसने घेतलेले ५० हजार, ज्याचा कुठेही कागद नाही. असा माणूस एका रात्री गुन्ह्याचा बळी ठरतो. आरोपी पकडला जातो, वर्तमानपत्रात बातमी येते. आणि मग पाच तारीख येते.

कर्ज वारसांवर येते का?

थेट येत नाही. मृत व्यक्तीचे कर्ज वारसांकडून वसूल करायचे, तर ते त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच करता येते. वडिलांचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, हे हिंदू कायद्यातील जुने ‘पवित्र कर्तव्य’ही २००५ च्या दुरुस्तीने मोडीत निघाले. वसुली एजंट फोनवर काहीही सांगोत, विधवेच्या स्वतःच्या पगारावर किंवा स्त्रीधनावर पतीच्या एकट्याच्या कर्जाचा बोजा नसतो.

पण हा दिलासा कागदावर दिसतो त्यापेक्षा खूप लहान आहे. कारण आजकाल गृहकर्जात पत्नी बहुतेक वेळा सहकर्जदार असते आणि सहकर्जदाराची जबाबदारी पूर्ण कर्जाची असते. घर तारण असतेच. सलग ९० दिवस हप्ता थकला की खाते बुडीत वर्गात जाते. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणजे पाचेक महिन्यांत कुटुंब रस्त्यावर येण्याची वेळ येऊ शकते. तेवढ्या काळात फौजदारी खटला फार तर आरोपपत्रापर्यंत पोहोचलेला असतो. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या शेजाऱ्याचीही सुटका नाही. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. गुन्हा घडला एका घरात, वसुली दोन घरांत.

कर्जाला जोडून विमा काढलेला असेल, तर चित्र एकदम बदलते. अनेक कुटुंबांना असा विमा हप्त्यातच कापला गेलेला आहे हेच ठाऊक नसते. त्यामुळे कर्जाची मूळ कागदपत्रे काढून पाहणे हे पहिले काम.

गाडीखाली मृत्यू आणि चाकूने मृत्यू, यात फरक काय?

माणुसकीच्या दृष्टीने काहीच नाही. हिशोबाच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा.

नाशिकच्या त्याच दुकानदाराला दारू पिऊन चालवलेल्या मोटारीने चिरडले असे धरू. त्याची पत्नी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाईल. तेथे भरपाईचे सूत्र ठरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी ते पक्के केले. वार्षिक उत्पन्न ७ लाख २० हजार. वय चाळिशीच्या आत आणि व्यवसाय स्वतःचा, म्हणून भविष्यातील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले १० लाख ८ हजार. तीन अवलंबित आहेत, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा. उरले ६ लाख ७२ हजार. वय ३१ ते ३५ या गटात असल्याने गुणक १६. एकूण १ कोटी ७ लाख ५२ हजार रुपये. अंत्यसंस्काराचा खर्च वगैरे किरकोळ रकमा आणि व्याज वेगळे.

या हिशोबात कर्जाचा रकाना नाही. पहिल्यांदा पाहताना ही त्रुटी वाटते, पण त्यामागे तर्क आहे. दुकानदार हप्ता भरणार होता तो याच उत्पन्नातून. ते संपूर्ण उत्पन्न भरून दिले आणि वर कर्जही फेडायला लावले, तर एकाच नुकसानीची भरपाई दोनदा होईल. पीडिताचे कर्ज गुन्हेगाराने फेडावे, या मागणीला कायद्याचे पहिले उत्तर हेच आहे. बुडालेले उत्पन्न नीट भरून द्या, कर्जाचा प्रश्न आपोआप सुटेल.

आता तोच दुकानदार, तेच वय, तेच उत्पन्न. पण मृत्यू चाकूने. येथे ना न्यायाधिकरण, ना गुणक, ना विमा कंपनी. अपघातात मोठी रक्कम मिळते, याचे कारण ती गुन्हेगार देत नाही, सक्तीचा तृतीय पक्ष विमा देतो. चालक दारूच्या नशेत असला, तरी अनेक प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगतात. खुनाचा विमा कुणी काढत नाही. खुनाच्या प्रकरणात भरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो, त्यासाठी १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आजही लागू आहे. नावात ‘अपघात’ असला, तरी दुसऱ्याच्या गैरकृत्याने झालेला मृत्यू त्यात येतो. पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी तो दावा असतो. मात्र मुदत फक्त दोन वर्षांची. खुनाचा खटला दोन वर्षांत निकाली निघणे ही आपल्याकडे अपवादाचीच गोष्ट. बहुतेक कुटुंबे आधी आरोपीला शिक्षा होऊ द्या, मग पाहू, असे म्हणत थांबतात आणि तोवर हा दरवाजा बंद झालेला असतो.

फौजदारी न्यायालय भरपाई द्यायला लावू शकत नाही का?

लावू शकते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५७ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ३९५ ही तरतूद त्यासाठीच आहे. दंड ठोठावला असेल तर त्यातून पीडिताला किंवा मृताच्या कुटुंबाला रक्कम देता येते. दंडाची शिक्षा नसेल तर न्यायालय आरोपीला वेगळी भरपाई द्यायला सांगू शकते आणि या दुसऱ्या प्रकारात कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. म्हणजे ३० लाखांचे गृहकर्ज नजरेसमोर ठेवून तेवढ्या भरपाईचा आदेश देण्यापासून न्यायाधीशाला कायदा अडवत नाही.

अडवते ती सवय. गुन्हेगाराला शिक्षा देताना पीडिताच्या कुटुंबाची दैना कायद्याच्या नजरेत येतच नाही, अशी खंत न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७९ मध्येच एका ट्रकचालकाच्या खटल्यात व्यक्त केली होती. १९८८ मध्ये हरियाणातील एका खटल्यात हल्ल्यामुळे एका माणसाची वाचा कायमची बाधित झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याची भरपाई वाढवून ५० हजार रुपये केली आणि देशभरातील न्यायालयांना हा अधिकार सढळपणे वापरण्याची शिफारस केली. आरोपीची ऐपत पाहून गरज पडल्यास हप्ते बांधून द्यावेत, असेही त्याच निकालात म्हटले आहे. हप्ता हा शब्द गुन्हेगाराच्या बाजूनेही कायद्यात आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते.

तरीही फरक पडला नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्याची कथा बोलकी आहे. शेतावरचा कुत्रा भुंकला म्हणून वाटेने जाणाऱ्यांनी त्याला लोखंडी पाइपने मारले, मालकाने जाब विचारला आणि भांडणात त्याच्याच डोक्यात पाइप बसून तो दगावला. न्या. टी. एस. ठाकूर यांनी या निकालात भरपाईच्या कलमाचा इतिहासच मांडला. प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, भरपाई द्यायची नसेल तर तसे का हे लिहून ठेवले पाहिजे, असे बजावले. खालच्या न्यायालयांना या तरतुदीचे भानच नव्हते, असे खेदाने नमूदही केले. मग त्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला काय मिळाले? काही नाही. इतक्या वर्षांनी प्रकरण परत पाठवण्यात अर्थ नाही, पुढे तरी न्यायालये काळजी घेतील, अशी आशा व्यक्त करून तो विषय संपवण्यात आला. ज्या खटल्याने देशभरच्या पीडितांना हक्क मिळवून दिला, त्यातल्या पीडितालाच तो लागू झाला नाही.

आदेश झाला तरी पैसे लगेच हातात पडत नाहीत. दंडातून द्यायची रक्कम अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील दाखल झाले तर त्याचा निकाल लागेपर्यंत देता येत नाही. उच्च न्यायालयातील फौजदारी अपिले किती वर्षे पडून असतात हे सांगायला नको. बँकेचे व्याज मात्र अपिलासाठी थांबत नाही.

गुन्हेगाराकडे पैसेच नसतील तर?

बहुतेक वेळा नसतात आणि या सगळ्या चर्चेचे घोडे येथेच पेंड खाते. तुरुंगातील मजुरी तुटपुंजी असते. कैद्यांच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा आणि राज्यांनी तसा कायदा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सुचवले. तत्त्व म्हणून ते योग्यच. पण त्या मजुरीतून २६ हजारांचा हप्ता निघणार नाही, हे कुणीही बोटांवर मोजून सांगेल.

ज्यांच्याकडे पैसे असतात त्यांची गोष्ट वेगळी. ते लपवता येतात, नातेवाइकांच्या नावे करता येतात. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२० मध्ये असा आदेश दिला की, दोषी ठरलेल्या आरोपीने आपली मालमत्ता आणि उत्पन्न यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पीडिताचे नेमके किती नुकसान झाले याचा अहवाल तयार व्हावा. कायद्याने दंड वसुलीला दातही दिलेले आहेत. जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. आरोपी मेला तरी त्याच्या मालमत्तेवरची दंडाची जबाबदारी संपत नाही. भरपाई न दिल्यास तुरुंगवास ठोठावता येतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

ही शेवटची तरतूद दुधारी आहे. पैसे नाहीत म्हणून गरीब आरोपी जास्त काळ आत राहणार, श्रीमंत आरोपी धनादेश फाडून बाहेर येणार. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या १९९७ च्या आगीत ५९ जण गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मालक बंधूंना प्रत्येकी ३० कोटी रुपये भरण्याच्या अटीवर, तोवर भोगलेला तुरुंगवास पुरेसा मानला. पैसे ट्रॉमा केंद्रासाठी सरकारकडे जायचे होते, कुटुंबांकडे नाही. न्यायासाठी लढणाऱ्या पालकांना हा शिक्षेचा लिलाव वाटला. २०१७ मध्ये फेरविचार होऊन एका भावाला उरलेली शिक्षा भोगायला पाठवण्यात आले, दुसऱ्याला वयामुळे सवलत मिळाली. भरपाई शिक्षेच्या जागी आली की काय होते, याचे हे उदाहरण. ती शिक्षेच्या जोडीला यायला हवी.

मग राज्य सरकार काय देते?

२००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आले, आता ते कलम ३९६ आहे. आरोपी सुटला, सापडलाच नाही किंवा कफल्लक निघाला, तरी पीडिताला राज्याच्या निधीतून मदत मिळावी, हा त्याचा हेतू. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. महाराष्ट्रात बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांतील पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. महिला पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या योजनेत मृत्यूसाठी ५ ते १० लाख रुपये ठरवले आहेत. चालक न सापडलेल्या हिट अँड रन अपघातात २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार. या रकमा कर्ज फेडण्यासाठी नाहीत, तग धरण्यासाठी आहेत. वरच्या १ कोटी ७ लाखांशेजारी त्या ठेवून पाहिल्या की दरी दिसते.

उपचारांचे बिल गुन्हेगारावर लावता येते का?

एका बाबतीत कायद्याने हे थेट केले आहे. ॲसिड हल्ल्याच्या गुन्ह्यात दंडाची रक्कम पीडितेच्या उपचारांचा खर्च भागवण्याइतकी न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे आणि ती पीडितेलाच दिली पाहिजे, असे २०१३ च्या दुरुस्तीत लिहिले गेले. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये ते कायम आहे. सामूहिक बलात्काराच्या गुन्ह्यातही उपचार आणि पुनर्वसन अशी अट आहे. शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने रुग्णालयाची बिले समोर ठेवावीत, असे सांगणारी ही कलमे भारतीय कायद्यात वेगळी उठून दिसतात. मारहाणीत मणका मोडलेल्या हमालासाठी मात्र अशी तरतूद नाही. ती का असू नये, याचे पटेल असे कारण सापडत नाही.

अमेरिकेत काय केले?

तेथे काही राज्यांनी वेगळी वाट धरली. टेनेसी राज्यात १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, नशेत गाडी चालवून एखाद्या मुलाच्या आईला किंवा वडिलांना मारणाऱ्या दोषीने त्या मुलाच्या पालनपोषणाचा खर्च द्यायचा. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. दोषी तुरुंगात असेल तर सुटल्यावर एक वर्षाच्या आत रक्कम देणे सुरू करायचे. टेक्ससने त्याच वर्षी सप्टेंबरपासून असाच कायदा लागू केला. ही मोहीम मूळ मिसुरीतील एका आजीने सुरू केली. तिचा मुलगा, होणारी सून आणि तान्हे नातवंड मद्यधुंद चालकाने मारले होते आणि दोन नातवंडे मागे उरली होती.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, तो मृताच्या कर्जाकडे पाहत नाही, मुलाच्या गरजेकडे पाहतो. हा फरक महत्त्वाचा आहे. गुन्हेगाराने थेट कर्ज फेडायचे म्हटले, तर पैसा बँकेकडे जातो. मुलाच्या ताटात काही पडतेच असे नाही. शिवाय शिक्षेचे ओझे पीडिताच्या कर्जावर ठरणार असेल, तर ५० लाखांच्या फ्लॅटवाल्याला मारणारा जास्त देणार आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मारणारा कमी. ज्याच्याकडे सातबारा, पगारपत्रक आणि पॅन कार्ड आहे त्याचेच कर्ज सिद्ध होते. वहिनीकडून घेतलेले हातउसने ५० हजार, भिशीची उचल, सावकाराकडची चिठ्ठी कोणत्या न्यायालयात दाखवायची? सर्वात गरीब पीडिताचे कर्ज सर्वात महाग असते आणि त्याचाच कागद नसतो.

आणि कर्ज काढायला लावणे हाच गुन्हा असेल तर?

वरची सगळी चर्चा येथे अपुरी पडते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही, तरी व्हिडीओ कॉलवर बनावट पोलीस तासन्‌तास बसवून ठेवतात, मुदत ठेवी मोडायला लावतात. ठेवी संपल्या की पीडिताच्या मोबाइलवरील बँकेच्या ॲपमध्ये आधीच मंजूर होऊन पडलेले वैयक्तिक कर्ज घ्यायला लावतात. काही मिनिटांत कर्जाचे पैसे खात्यात येतात आणि पुढच्या काही मिनिटांत भाड्याने घेतलेल्या भलत्याच खात्यांमधून पसार होतात. पीडिताकडे उरतात फक्त पाच वर्षांचे हप्ते. सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये डिजिटल अरेस्टची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवला.

या कर्जात पीडिताला एक रुपयाचाही लाभ झालेला नाही. तरी बँकेच्या दृष्टीने सगळे चोख आहे. ओटीपी ग्राहकानेच टाकला, पैसे ग्राहकाच्याच खात्यात गेले. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या घुसखोरीने झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकाच्याच माथी. घाबरवून घेतलेला ओटीपी याच खणात टाकला जातो.

करार कायद्याचे कलम १५ येथे उपयोगी पडू शकते. दंडनीय कृत्य करून किंवा त्याची धमकी देऊन करार करायला भाग पाडणे ही जबरदस्ती. ती कराराच्या समोरच्या पक्षानेच केली पाहिजे, असे कलम म्हणत नाही. म्हणजे धमकावणारा बँकेचा कुणी नसला, तरी कर्जाचा करार रद्द करून मागण्याचा मुद्दा मांडता येतो. अडचण पुढे आहे. करार रद्द करणाऱ्याने मिळालेला लाभ परत करायचा असतो आणि बँक म्हणणार, पैसे तर तुमच्याच खात्यात आले होते.

गुन्हेगाराकडून हे पैसे यावेत यासाठी नव्या संहितेत कलम १०७ आले आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकते आणि जिल्हाधिकाऱ्याने ती ६० दिवसांत पीडितांमध्ये वाटायची असते. मात्र जप्त करायला मालमत्ता हाती लागावी लागते. पकडला जातो तो हजार-दोन हजारांसाठी खाते भाड्याने देणारा कॉलेजचा मुलगा. म्हणून ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळा नियम केला. फसवून पैसे पाठवायला लावले असतील तर ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची. निम्मी पैसे पाठवणाऱ्या बँकेने, निम्मी ज्या बँकेत चोराचे खाते उघडले गेले तिने. चोराला खाते उघडू देणारी बँकही हिशोबात आली की खाती तपासण्याची तत्परता आपोआप वाढते. पाच मिनिटांत पाच लाखांचे कर्ज देणाऱ्या ॲपला पाच तास थांबण्याची बुद्धी होण्यासाठी आपल्याकडेही असे काही हवे.

महाराष्ट्राच्या बाबतीत एक जुने उदाहरण विसरून चालणार नाही. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात विनापरवाना सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून शेतकऱ्याला परत देऊ शकतो. कर्ज हेच गुन्ह्याचे हत्यार असेल तर ते हत्यारच निकामी करायचे, ही कल्पना मराठी मुलखात कायद्यात आधीच आलेली आहे. फक्त तिथला सावकार गावातला असतो आणि ॲपमधला कुठला, ते कळत नाही.

पीडित कुटुंबाने काय करावे?

फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत गोठवता येतात. ते परत मिळवण्यासाठी पुढे न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो. बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आपल्या नावावर भलत्यानेच कर्ज काढले असेल, तर पतमापन कंपनीकडे हरकत नोंदवावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर कर्जाची कागदपत्रे, हप्त्यांचे वेळापत्रक, रुग्णालयाची बिले आणि उत्पन्नाचे पुरावे सरकारी वकिलामार्फत खटल्याच्या नोंदीत आणावेत. शिक्षेवर युक्तिवाद होतो त्या दिवशी भरपाईची मागणी केलीच पाहिजे. न्यायाधीशासमोर आकडा नसेल तर तो मनाने काढणार नाही. अपघात दाव्यातील भरपाईचा मोठा भाग न्यायाधिकरण बहुधा मुदत ठेवीत ठेवते. चढ्या व्याजाचे कर्ज डोक्यावर असेल, तर ते फेडण्यासाठी रक्कम आधी सोडवून मागता येते. बँकेकडे पुनर्रचनेचा अर्ज खाते ९० दिवस थकण्याच्या आत द्यावा, नंतर शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसे उरत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

खुनाच्या प्रकरणात दिवाणी दाव्याचा विचार असेल तर तो पहिल्याच वर्षी वकिलाशी बोलून ठरवावा. दोन वर्षांची ती मुदत मृत्यूच्या तारखेपासून मोजतात. आरोपपत्र आले की नाही, साक्षी सुरू झाल्या की नाही, याच्याशी त्या मोजणीचा संबंध नसतो.